खरकट्यापासून सुरू होणारे हरितगृह

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे 3 हजार कर्मचाऱ्यांचे जेवण शिजत असे. एवढ्या माणसांचे जेवण म्हणजे भाज्यांचे देठ, कांद्या-बटाट्याच्या साली, निवडलेल्या मेथीच्या काड्या आणि ताटात उरलेले अन्न यांचा रोजचा ढीग. तो कचऱ्याच्या गाडीतून बाहेर जाई. 2002 मध्ये तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ढीग गाडीत न टाकता जिन्याने वर गच्चीवर न्यायला सुरुवात केली. सुमारे 3 हजार चौरस फुटांच्या त्या गच्चीवर पुढे शंभराहून अधिक झाडे वाढली. त्यांत पालेभाज्या होत्या, वांगी-मिरच्या होत्या आणि चिकू, पेरूसारखी फळझाडेही होती. स्वयंपाकघरातला जवळपास 90 टक्के ओला कचरा त्याच इमारतीच्या माथ्यावर माती बनू लागला. स्वयंपाक करणारे हातच तिथे पाणी घालत होते, खुरपत होते, तोडणी करत होते.

हरितगृह, उपाहारगृह आणि लोकांनी एकत्र जमण्याची जागा या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली आणणाऱ्या इमारतींची आज जगभर चर्चा आहे. त्यांच्या छायाचित्रांत काचेचे उंच छत, वेलींखाली मांडलेली टेबले आणि मंद प्रकाश दिसतो. अशी इमारत मुंबईत, विशेषतः परळ-लालबागच्या गिरणगावात किंवा गिरगाव-दादरच्या जुन्या वस्तीत उभी राहू शकते का? राहू शकते, असे मला मनापासून वाटते. पण तिची सुरुवात काचेपासून करून चालणार नाही. ती खरकट्यापासून, म्हणजे गोदीतल्या त्या गच्चीवर झाली तशी व्हायला हवी.

युरोपात काच का लागते

या प्रकारातले नावाजलेले उदाहरण अ‍ॅमस्टरडॅमचे. तिथल्या महापालिकेच्या रोपवाटिकेचे 1926 साली बांधलेले काचगृह पाडले जाणार होते. एका शेफने ते वाचवले आणि 2001 मध्ये तिथे ‘डी कास’ नावाचे उपाहारगृह सुरू केले. तिथे भाजी समोरच वाढते आणि पानातही तीच येते. स्वीडनमध्ये बेंग्ट वार्ने या वास्तुरचनाकाराने 1970 च्या दशकात याच्याही पुढचा विचार मांडला. त्याने राहत्या घराभोवतीच काचेचे आवरण घातले आणि मधल्या जागेत झाडे लावली. घरातले सांडपाणी झाडांना मिळे आणि घराला ऊब मिळे.

या दोन्ही ठिकाणी काच एकच काम करते. सूर्याचा प्रकाश तिच्यातून आत येतो, जमीन आणि झाडे तापतात, पण तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता आणि गरम झालेली हवा सहजी बाहेर पडू शकत नाही. थंडीत बाहेर बर्फ असताना आत टोमॅटो पिकतो तो यामुळे. स्वयंपाकघरातली वाया जाणारी उष्णताही तिथे उपयोगी पडते.

मुंबईत प्रश्न नेमका उलटा आहे. कुलाब्यात जानेवारीतल्या पहाटेही पारा सहसा 16-17 अंशांच्या खाली जात नाही. आपल्या झाडांना ऊब कमी पडत नाही. त्यांना सोसत नाही तो एप्रिल-मेमधला गच्चीचा ताव, बारा महिने दमट असलेली हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस. कुलाब्यात वर्षाला साधारण 2100 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा या चार महिन्यांत. बंद काचगृह इथे बांधले तर ते थंड ठेवण्यासाठी यंत्रे लावावी लागतील आणि त्या यंत्रांच्या विजेतच ‘शाश्वत’ हा शब्द विरून जाईल.

म्हणून मुंबईच्या हरितगृहाची व्याख्या वेगळी करावी लागते: वर पाऊस अडवणारे छप्पर, बाजूंनी मोकळा वारा आणि उन्हाळ्यात सरकवता येणारी शेडनेट. तळेगाव-मावळ पट्ट्यात गुलाबाची पॉलिहाउस ज्यांनी पाहिली आहेत त्यांना बाजूचे पडदे गुंडाळून वारा कसा खेळवतात हे माहीत आहे. मुंबईत ते पडदे जवळजवळ कायम वरच ठेवावे लागतील. टोमॅटो, कोथिंबीर, पालक यांना पावसाच्या थेट माऱ्यापासून आडोसा हवा. अळू, मायाळू, माठ, दोडका, पडवळ हे मात्र आपल्या हवेतच वाढलेले गडी. त्यांना छपराबाहेर ठेवले तरी चालते. कोकणातल्या परसात जे पिकते तेच या इमारतीच्या स्वयंपाकाचा पाया ठरवावे.

गिरणीच्या छपराकडून शिकण्यासारखे

असे छप्पर मुंबईने नव्याने शोधून काढायची गरज नाही. लोअर परळ, लालबाग, काळाचौकी भागात जुन्या गिरण्यांच्या विणकाम खात्यांची जी छपरे होती, त्यातली काही अजून उभी आहेत, त्यांच्याकडे नीट पाहावे. बाजूने पाहिले तर करवतीच्या दात्यांसारखी रांग दिसते. प्रत्येक दात्याची एक बाजू उभट आणि काचेची, दुसरी उतरती आणि कौलांची किंवा पत्र्याची. काचेची बाजू कटाक्षाने उत्तरेकडे असते. याला गिरणीतले लोक आणि वास्तुरचनाकार ‘नॉर्थ लाइट’ म्हणत.

उत्तरच का? मुंबई साधारण 19 उत्तर अक्षांशावर आहे. वर्षातले नऊ-साडेनऊ महिने भर दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या दक्षिणेला कललेला असतो. मेच्या मध्याला एक शून्य सावलीचा दिवस येतो, जुलैच्या अखेरीस दुसरा. या दोन दिवसांच्या मधल्या काळातच दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकतो, तोही जेमतेम साडेचार अंश, आणि त्यातल्या बऱ्याच दिवसांत आकाश ढगांनी भरलेले असते. म्हणजे उत्तरेकडच्या काचेतून वर्षभर उजेड भरपूर मिळतो, थेट ऊन मात्र फारसे आत येत नाही. मागावरचा तुटलेला धागा दिसायला विणकराला सावली न पाडणारा, डोळ्यांना न दिपवणारा हाच उजेड लागत असे.

याच रचनेत आजच्या गरजेचे तीन गुण दडले आहेत. उत्तरेच्या काचेखाली जेवणाचे दालन आणि रोपवाटिका ठेवता येते. दिवसा दिवे लागत नाहीत आणि कोवळी रोपे करपत नाहीत. दात्याची उतरती बाजू आपोआप दक्षिणेकडे तोंड करून असते, आणि मुंबईत सौर पॅनेल जवळपास 19 अंश कलवून दक्षिणेकडेच बसवायची असतात. शंभर वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनी नकळत सौरऊर्जेची जागा तयार करून ठेवली. तिसरा गुण पाण्याचा. दोन दात्यांमधली पन्हळ पाऊस गोळा करतेच, ती फक्त गटाराऐवजी टाकीला जोडायची. काचेच्या वरच्या कडेला उघडता येणारी झडप ठेवली, तर वर चढलेली गरम हवाही तिथून निघून जाते.

स्वयंपाकघर कुठे ठेवायचे हेसुद्धा वाऱ्याला विचारून ठरते. मुंबईत दिवसा वारा मुख्यतः समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. भट्ट्या आणि शेगड्या पश्चिमेला ठेवल्या तर धूर आणि ताव सगळ्या दालनातून फिरेल. त्या पूर्वेला आणि झाडे, जेवणाऱ्यांच्या पंगती पश्चिमेला ठेवल्या, तर वारा पानांतून गाळून माणसांकडे येतो आणि स्वयंपाकघराची उष्णता सोबत घेऊन बाहेर जातो. झाडे हवा गार करतात ती पाण्याची वाफ करून. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 2.4 मेगाज्यूल उष्णता शोषते, म्हणजे विजेच्या जवळपास दोन तृतीयांश युनिटइतकी. पावसाळी दमट हवेत हे काम मंदावते, म्हणून मोकळ्या वाऱ्याला पर्याय नाही.

माती हलकी हवी

गच्चीवर मळा म्हटले की पहिला प्रश्न इमारतीच्या ताकदीचा. भारतीय मानकांनुसार लोकांचा वावर असणाऱ्या गच्चीचा हिशेब चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरून होतो. आता साधी भिजलेली बागेची माती घ्या. तिचा 15 सेंटिमीटरचा थर एका चौरस मीटरवर पसरला तर वजन 270 किलोच्या आसपास जाते. वांग्या-मिरचीला याहून अधिक खोली लागते. म्हणजे शेतातली माती उचलून गच्चीवर टाकणे हा सरळसरळ धोका आहे. गिरगाव-लालबागच्या जुन्या, लाकडी तुळयांच्या उपकरप्राप्त इमारतींवर तर याचा विचारही करू नये.

यावरचा उपाय मुंबईकरांनी स्वतः शोधला. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी हे अर्थशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी आपल्या गच्चीवर पिशव्या आणि पिंपांतून फळझाडे आणि उसापर्यंतची पिके घेतली. पोर्ट ट्रस्टच्या गच्चीला त्यांच्या पद्धतीचा आधार मिळाला. पद्धत अशी: पिंपाच्या तळाशी आणि बाजूला पाणी निचरण्यासाठी भोके पाडायची. मग रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडे तुकडे करून दाबून भरायची, पिंपाचा मोठा भाग त्यांनीच भरतो. त्यावर अर्धवट कुजलेला स्वयंपाकघरातला कचरा किंवा कंपोस्ट आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. रोप मातीत रुजते, मुळे चिपाडांत उतरतात. चिपाडे स्पंजाप्रमाणे पाणी धरतात, त्यांच्या पोकळीत हवा राहते, आणि कुजत जाऊन तीच खत बनतात. पातळी खाली बसली की वरून पुन्हा भर घालायची. वजन मातीच्या कुंडीपेक्षा कितीतरी कमी.

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून हेच तत्त्व शेतकऱ्यांपर्यंत नेले होते: कमी जागेत, सूर्यप्रकाशाचा आणि पालापाचोळ्याचा हिशेब ठेवून भरपूर पिकवता येते. त्यातून पुढे आलेल्या अमृतमातीच्या पद्धतीत वाळलेला पाला अमृतजलात भिजवून थर रचतात. अमृतजल म्हणजे 1 किलो ताजे शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ आणि 10 लिटर पाणी. हे तीन दिवस ढवळत ठेवायचे आणि चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून वापरायचे. शेणातले जिवाणू गुळावर वाढतात आणि पाला लवकर कुजवतात.

उपाहारगृहाच्या कचऱ्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. भाजीच्या साली आणि शिजलेले खरकटे यांत नत्र आणि पाणी जास्त असते, वाळलेल्या पाल्यात आणि चिपाडांत कर्ब जास्त. नत्राच्या 25 ते 30 पट कर्ब असा मेळ बसला तर कुजणे वेगाने आणि वासाविना होते. नुसते खरकटे साठले की हवा कोंडते, दुर्गंधी सुटते, अळ्या होतात, आणि शेजारी तक्रार करतात. म्हणून अशा इमारतीच्या आराखड्यात सुक्या पाल्याची कोठी स्वयंपाकघराइतकीच महत्त्वाची आहे. शिवाजी पार्कच्या पर्जन्यवृक्षांचा आणि दादर-माटुंग्यातल्या रस्त्यांवरचा पाला एरवी गाड्यांतून वाहून नेला जातो. तो इथे कच्चा माल ठरेल.

याला कायद्याचेही पाठबळ आहे. रोज 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनांनी आणि मोठ्या सोसायट्यांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट जागच्या जागी लावावी, असा आग्रह मुंबई महापालिकेने 2 ऑक्टोबर 2017 पासून धरला. अनेकांना हे ओझे वाटते. ज्यांच्या डोक्यावर मळा आहे त्यांच्यासाठी तेच भांडवल आहे.

पाण्याचा हिशेबही मांडून पाहू. 300 चौरस मीटर छपरावर 2100 मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षाला 6 लाख 30 हजार लिटर पाणी. एवढे साठवायला टाकी कोण बांधणार? मुंबईचे खरे साठवण जमिनीखाली आहे. 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी येईपर्यंत हे शहर विहिरी आणि तलावांवरच जगत होते. छपराचे पाणी गाळून जुन्या विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडायचे, थोडे टाकीत ठेवायचे, आणि उन्हाळ्यात भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्याची त्याला जोड द्यायची.

खानावळ ही इथली परंपरा

आता उपाहारगृहाकडे येऊ. परदेशातली अशी बहुतेक उपाहारगृहे श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी आहेत. गिरणगावाकडे याहून मोठा वारसा आहे. कोकणातून आणि घाटावरून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना दहा बाय बाराच्या खोल्यांत खानावळवाल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या जेवू घातले. पाळीप्रमाणे डबे भरले, पगार होईपर्यंत उधारी सांभाळली. सावकाराच्या व्याजाखाली पिचलेल्या या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. कुणाकडे तारण ठेवायला काही नव्हते, तेव्हा गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेची दारे त्यांच्यासाठी उघडली. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, गिऱ्हाईक पांगले, तरी मंडळाची स्वयंपाकघरे टिकली. प्रेमाताईंना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली.

हरितगृहाच्या इमारतीतले स्वयंपाकघर असे कुणीतरी चालवायला हवे. तिथल्या मावशींना अळूच्या देठीचे काय करायचे, फ्लॉवरच्या पानांची भाजी कशी होते, दुधीच्या सालींची चटणी कशी लागते हे ठाऊक असते. अन्न वाया न घालवण्याचे त्यांचे ज्ञान कुठल्याही सौर पॅनेलइतकेच मोलाचे आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी: 3 हजार चौरस फुटांची गच्ची शेकडो माणसांचे पोट भरू शकत नाही. तांदूळ, ज्वारी, डाळी शेतकऱ्यांकडूनच येणार. गच्ची देते ती ताजी पालेभाजी, कोथिंबीर, कढीपत्ता, मिरच्या, लिंबे आणि थोडी फळे. त्याहून मोठी देणगी म्हणजे कचऱ्याचा कमी झालेला भार आणि खालच्या मजल्याचा कमी झालेला ताव. पावसाळ्याच्या सुरुवातीला दादरच्या मंडईबाहेर आदिवासी भगिनी शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसतात. त्यांच्याकडून ठरवून खरेदी करणारे स्वयंपाकघर शहराला जंगलाच्या ऋतूशीही जोडेल.

जागा सगळ्यांची

सार्वजनिक जागा म्हणजे काय हे गिरगावकराला शिकवावे लागत नाही. केशवजी नाईक चाळीत 1893 मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव बसला तो चाळीच्या आवारातच. चौक, गॅलरी, सामाईक जिना यांमुळे तिथे माणसे एकमेकांना रोज भेटत. त्याच रचनेमुळे दोन्ही बाजूंनी वारा खेळत असे. टॉवर आले आणि गच्चीला कुलूप लागले.

बाग माणसांना पुन्हा एकत्र आणते, याचाही अनुभव जवळच आहे. धारावी आणि माहीमच्या मध्ये, मिठी नदीच्या काठी, पूर्वी कचराभूमी होती. 1980 च्या दशकात तिथे झाडे लावली गेली आणि 1994 मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. तिथल्या शिक्षण केंद्राचे छप्परच पाऊस गोळा करते. पोर्ट ट्रस्टच्या गच्चीवरून निघालेल्या ‘अर्बन लीव्ज’ या उपक्रमाने त्याच उद्यानात सामूहिक मळा फुलवला, जिथे शहरातले स्वयंसेवक येऊन काम करत. बँकेतले कर्मचारी, शाळकरी मुले, निवृत्त माणसे एका वाफ्याभोवती बसून माती कालवतात, तेव्हा इमारतीचा तिसरा हेतू आपोआप पुरा होतो.

मात्र गच्चीवर माणसे बोलवायची तर सुरक्षिततेत तडजोड नको. 2017 च्या डिसेंबरअखेर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत 14 जणांचा जीव गेला. ज्वलनशील आच्छादने आणि अडलेल्या वाटा यांचा धडा त्या रात्रीने दिला. म्हणून आच्छादन न पेटणारे हवे, बाहेर पडायला दोन मोकळे जिने हवेत, आणि शिजवण्याचे काम गच्चीवर नको, ते खालच्या मजल्यावर हवे. वाऱ्याचेही भान ठेवावे लागते. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळात कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी 114 किलोमीटरपर्यंत गेला होता. शेडनेट त्याआधी उतरवता आली पाहिजे, सांगाडा मात्र घट्ट रोवलेला हवा.

संधी अजून गेलेली नाही

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सुचवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996 मध्ये या जमिनींचा एकत्रित आराखडा मांडला. 2001 च्या दुरुस्तीने वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. गिरणगावाला मिळू शकली असती अशी कितीतरी मोकळी जागा त्या एका दुरुस्तीत गेली. याचे दुःख आजही वाटते आणि वाटायलाच हवे.

पण काही गिरण्या अजून सार्वजनिक मालकीच्या आहेत, काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रसंग्रहालयाचे काम हाती घेतले आहे, आणि बीडीडी चाळींपासून गिरगावच्या वाड्यांपर्यंत पुनर्विकास जोरात आहे. आज आराखड्यावर सही करणाऱ्या रहिवाशांच्या हातात खूप काही आहे. त्यांनी आपल्या वास्तुरचनाकाराकडे पाच गोष्टी लेखी मागाव्यात. गच्चीचा हिशेब मळ्याचा भार धरून करावा. लिफ्ट आणि पाण्याचा नळ गच्चीपर्यंत न्यावा. ओल्या कचऱ्याला आणि सुक्या पाल्याला छपराखाली, हवेशीर जागा द्यावी. पावसाच्या पाण्याची वाट विहिरीकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवावी. आणि तळमजल्यावर किंवा गच्चीखालच्या मजल्यावर एक सामाईक स्वयंपाकघर ठेवावे, जे बचतगटाला चालवायला देता येईल. इमारत उभी राहिल्यावर यातले एकही काम सोपे राहत नाही. कागदावर असताना मात्र त्यांचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने फार नसतो.

काच, पॅनेल, वेलींनी झाकलेले दालन हे सगळे नंतर हौसेने करता येईल. गोदीतल्या त्या स्वयंपाकघराने आधी हौस केली नाही, आधी देठ आणि साली वर नेल्या. दादर, परळ, लालबाग आणि गिरगावातल्या कुठल्याही सोसायटीला, शाळेला, मंडळाला उद्या सकाळपासून तेवढे करता येईल.